नवी इयत्ता आणि घर

इयत्ता मुलाची बदलते. तयारी मात्र घराने करावयाची असते. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. घरी मराठी आणि वर्गात हिब्रू, तीही उजवीकडून डावीकडे वाचावयाची! ती लिपी न जाणणाऱ्या आईने काय करावे? मुलाजवळ बसावे, अक्षरे त्याच्याकडूनच शिकावीत. आमच्या बऱ्हाणपुरात मराठी घरातले मूल हिंदी वर्गात जाते, तेव्हा लिपी एकच म्हणून आपण निर्धास्त असतो. पण हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न! मूल गोंधळते आणि आपण त्यालाच मंद ठरवितो. शाळा उघडण्यापूर्वीच नवे पुस्तक त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. असे शब्द तेथेच सापडतील.