गुटखा बंद, तंबाखू चालू: पुडीभोवतीचे गैरसमज

बुलढाणा जिल्ह्यातला चिखली तालुका सोयाबीन, तूर, हरभऱ्याचा. तंबाखूचं शेत इथे शोधावं लागेल. तंबाखूची पुडी मात्र शोधावी लागत नाही. बांधावर, बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात कुणीतरी मळतच असतो आणि अनोळखी माणसापुढेही तळहात करतो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांहूनही कमी निघाले. तोंडात तंबाखू धरणारे किंवा लावणारे मात्र २४ टक्क्यांवर. आपलं दुखणं धुराचं कमी आणि चघळण्याचं जास्त आहे, आणि गैरसमजही त्याच्याच भोवती साचले आहेत.

सगळ्यात पक्का गैरसमज कायद्याचा. ‘गुटखाबंदी झाली म्हणजे तंबाखूबंदी झाली,’ असं काहीजण धरून चालतात. इतर काही त्याच्या उलट टोकाला जातात: ‘पुडी उघड विकली जाते, म्हणजे सरकारला ती चालते, मग तिच्यात एवढं वाईट काय असणार?’ दोन्ही चूक. महाराष्ट्रात जुलै २०१२मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा यांनाही तिने कवेत घेतलं. ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखालची आहे. कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायचं नाही, हा २०११चा नियम तिच्या मुळाशी आहे. साधी, बिनवासाची तंबाखू वेगळ्या कायद्यात येते, २००३च्या. तो कायदा विक्री बंद करत नाही, विक्रीला अटी घालतो: अठरा वर्षांखालच्यांना विकायची नाही, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही, पुडीवर धोक्याचं चित्र हवं. म्हणजे साधी पुडी दुकानात उरली, ती वेगळ्या कायद्याखाली येते म्हणून. ती निर्धोक आहे, असं कुणीही तपासून ठरवलेलं नाही. तोंडातल्या कातडीला हे दोन कायदे कळत नाहीत.

इथेच एक गोष्ट ठासून सांगायला हवी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. ‘जा रे, दुकानातून पुडी घेऊन ये,’ म्हणत दहा वर्षांच्या पोराला पिटाळणं आपल्याकडे सर्रास चालतं. त्याला ती पुडी देणारा दुकानदार मोठ्या गुन्ह्याच्या कक्षेत येतो. २०१५च्या बालन्याय कायद्यानुसार डॉक्टरी सल्ल्याशिवाय मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘अशी बंदी कोर्टात टिकत नाही,’ हेही ऐकू येतं. त्याला जुनं कारण आहे. राज्याने २००२मध्ये जुन्या भेसळ प्रतिबंधक कायद्याखाली पाच वर्षांची बंदी घातली होती. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्या कायद्याने राज्याच्या अधिकाऱ्याला तसा अधिकारच दिलेला नव्हता. गुटखा चांगला आहे, असं न्यायालयाने म्हटलं नव्हतं. आताच्या कायद्यात असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त एक वर्षाचा काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. दरवर्षी आदेश काढून बंदी कायमची करता येते का, हा वाद वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत गाजला आहे. दिल्लीत २०२२मध्ये एका न्यायाधीशांनी असे आदेश रद्द केले, तर २०२३मध्ये तिथल्याच खंडपीठाने ते पुन्हा कायम केले.

मग शेतकऱ्याचं काय? तंबाखू लावणं गुन्हा आहे, असं समजणारेही भेटतात. नाही. परवान्याची अट आहे ती सिगारेटच्या व्हर्जिनिया जातीला. ती तंबाखू मंडळाच्या नोंदणीखाली घेतली जाते. बिडीची आणि खाण्याची तंबाखू मोकळी आहे. महाराष्ट्राच्या सीमेला लागून निपाणीचा सगळा पट्टा तिच्यावर जगत आला. तिथल्या शेतकऱ्यांनी १९८१मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली भावासाठी महामार्ग अडवला आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. या पिकाबद्दल बोलताना ते बारा जण विसरले जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. पिकवणारा इथे कधीच गुन्हेगार नव्हता.

आता सुपारी. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो,’ हे वाक्य माणसं निश्चिंतपणे बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही २००४मध्ये माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. सुपारीने गालांच्या आतली कातडी हळूहळू ताठ होते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागताच आग होते. तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरकडे जायला उशीर करू नये. बिचारं नागवेलीचं पान या सगळ्यात फुकट बदनाम झालं. अंजनगाव सुर्जी, अकोट भागात बारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखले. दोष पानाचा नाही, त्यात गुंडाळलेल्या तंबाखूचा आणि सुपारीचा आहे.

मशेरीबद्दल बायकांनी बायकांना सांगायला हवं. भाजून काळी केली म्हणून तंबाखूतलं निकोटिन जात नाही. दात दुखतो म्हणून लावायला सुरुवात होते आणि पुढे तिच्याशिवाय सकाळ होत नाही. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू, मशेरी वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं.

‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ यात तथ्य एवढंच, की निकोटिन आतड्याला ढकलतं आणि आतडं त्या धक्क्याची वाट पाहायला शिकतं. सोडल्यावर काही दिवस पोट अडतं, मग पाणी, भाजी-भाकरी आणि चालणं यांवर ते मार्गी लागतं. ‘एकदम सोडली तर माणूस आजारी पडतो’ ही भीतीही त्यातलीच. चिडचिड, झोपमोड, डोकं जड होणं हा त्रास खरा असतो, पण तो जिवावरचा नसतो. पहिला आठवडा सगळ्यात कठीण जातो. तेव्हा बोलायला कुणी हवं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत दूरध्वनी सेवा आहे: १८००-११-२३५६.