उभ्या उसाचं कोठार

सांगलीजवळ कृष्णाकाठी, हरिपूरला हळदीची पेवं आहेत. तिथल्या घट्ट मातीत खणलेल्या या खोल खड्ड्यांत हळद भरून तोंड बंद केलं, की ती कीड न लागता वर्षानुवर्षं राहते. 2005च्या महापुरात कित्येक पेवं निकामी झाली. पण सांगलीची हळदपेठ वाढली ती पेवाच्या जोरावर, कारण भाव येईपर्यंत हळदीला थांबता येतं. त्याच कृष्णाकाठच्या उसाला मात्र थांबता येत नाही.

ऊस तुटला की त्यातलं पाणी उडू लागतं, वजन घटतं. त्याहून मोठं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. रसातल्या सुक्रोजचं विघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतं, आणि त्यांची दाणेदार साखर होत नाही. म्हणून तुटलेला ऊस चोवीस तासांच्या आत साखर कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर, पडायला हवा. कारखान्याच्या यार्डात फार तर काही तासांचा माल ठेवता येतो.

मग कारखान्याचं खरं कोठार कुठे असतं? वाळव्याच्या, कराडच्या, पलूसच्या शेतांत, मुळावर उभं. आडसाली लागण जुलै-ऑगस्टची, पक्व व्हायला सोळा ते अठरा महिने. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची. सुरू उसाला बारा महिने पुरतात, खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, साधारण तेवढेच. कोणत्या गटात कधीची, कोणत्या जातीची किती लागण आहे, याची नोंद शेती विभागाकडे असते. माझ्या मते कारखान्यातलं सगळ्यात मोलाचं दप्तर हेच. बॉयलर पेटण्याच्या आधी दीड वर्ष गाळपाचं नियोजन या पानांवर सुरू झालेलं असतं.

रोज 5,000 टन गाळणारा कारखाना धरू. तासाला 200 टनांहून जास्त ऊस लागला. एकरी 40 टन उतारा धरला, तर रोज 125 एकर रान मोकळं व्हायला हवं. ऊसतोड मजुरांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तिने दिवसाला दोन टन तोडला असं मानलं तरी 2,500 कोयते हवेत. ही माणसं बीडकडून, मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतून येतात, आणि मुकादमामार्फत त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगामाच्या कितीतरी आधी द्यावी लागते. टोळ्या कमी आल्या की 'नो केन' होऊन गव्हाण थांबते. उलट यार्डात गाड्या तुंबल्या की ऊस वाळतो, आणि बैलं रात्रभर जू उतरण्याची वाट पाहतात.

तोडणीचा क्रम ठरवणं त्याहून अवघड. केमिस्टला ब्रिक्स जास्त असलेला, म्हणजे रसात विरघळलेली साखर जास्त असलेला ऊस आधी हवा, शेतकऱ्याला लागणीच्या तारखेप्रमाणे पाळी हवी. एका वर्षी आमचा आडसाली ऊस फेब्रुवारी संपेपर्यंत उभा होता. तुरे आले, आतून पोकळ होऊन दशी पडली, वजन गेलं. वडील रोज कारखान्याच्या गट ऑफिसला जायचे आणि तोडणीच्या चिठ्ठीविना परतायचे. शेवटी टोळी आली, तेव्हा तिला खुशालीचे, म्हणजे वरचे पैसे वेगळे द्यावे लागले. पाळी चुकते तेव्हा साठवणुकीचा खर्च शेतकरी भरतो, आणि तो कुठल्याच ताळेबंदात येत नाही. म्हणून लागण नोंदीचा क्रम पाळलाच पाहिजे, त्यात वशिला शिरता कामा नये, असं मला ठामपणे वाटतं.

कधी नदीच क्रम मोडते. ऑगस्ट 2019मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शेंडा बुडालेला ऊस वाढत नाही, कांड्यांना पांगशा, म्हणजे बाजूचे कोंब फुटतात, साखर उतरते. असा ऊस आधी तोडावा लागतो. मग माळावरच्या निरोगी उसाची पाळी मागे जाते.

साखर झाल्यावर सगळं उलटं होतं. आता माल थांबू शकतो, किंबहुना त्याला थांबावंच लागतं. कुठल्या कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची, याचा कोटा केंद्र सरकार ठरवून देतं. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, मात्र चौदा दिवसांत देण्याचं कायद्याचं बंधन आहे. पाच महिन्यांत तयार झालेली साखर वर्षभर विकायची आणि पैसे पंधरवड्याच्या आत द्यायचे, म्हणून गोदामातली पोती तारण ठेवून कर्ज काढलं जातं. पोत्यांच्या थप्प्या बघताना व्याज दिसत नाही, पण ते रोज चढत असतं.

मार्चच्या आसपास गाळप संपून पट्टा पडतो. टोळ्या पालं मोडून गावाकडे निघतात. तुटलेल्या फडात पंधरा दिवसांत खोडव्याचे कोंब वर येतात, आणि त्या फडाचे पुढच्या हंगामाचे महिने तोडणीच्या तारखेपासूनच मोजायला लागलेले असतात.