स्तरित संमिश्र फलकांचे कंपन : कर्तनाचा विचार का आवश्यक?

प्रस्तावना
काचतंतू किंवा कार्बनतंतू राळेत बसवून केलेले पातळ थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक चिकटविले म्हणजे स्तरित संमिश्र फलक तयार होतो. वजनाने हलका व तंतूंच्या दिशेने अतिशय दृढ असल्यामुळे विमाने, नौका व पवनचक्क्यांची पाती यांत त्याचा वापर होतो. अशा फलकाची नैसर्गिक कंप्रता ठरविताना होणारी एक मूलभूत चूक स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चुकीचे मूळ
जाड वही वाकविली असता तिची पाने एकमेकांवर किंचित सरकतात. हेच कर्तन होय. अभिजात फलक सिद्धान्त हे सरकणे शून्य मानतो. पोलादात ताण-दृढता ही कर्तन-दृढतेच्या सुमारे २.६ पट असल्याने पातळ पत्र्यासाठी हे गृहीतक चालते. संमिश्र पदार्थात मात्र तंतू दृढ आणि राळ मऊ असते. संशोधनात नेहमी घेतल्या जाणाऱ्या एका नमुना-उदाहरणात हे गुणोत्तर सुमारे ६७ आहे. कर्तन वगळले की फलक प्रत्यक्षाहून ताठ भासतो आणि कंप्रता जास्त येते.

परिणाम
याच उदाहरणातील चार थरांच्या, कडांवर साधा आधार असलेल्या चौरस फलकाची बाजू जाडीच्या पाचपट असेल, तर अभिजात सिद्धान्ताने येणारी कंप्रता अचूक मूल्यापेक्षा सुमारे ७० टक्के अधिक भरते. बाजू जाडीच्या शंभरपट असल्यास फरक नगण्य राहतो. समजा, गणिताने सेकंदाला ८५ कंपने आली. मिनिटाला ३००० फेऱ्यांचे, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांचे यंत्र त्यावर बसविणे अभियंत्यास निर्धोक वाटेल. वस्तुतः फलकाची कंप्रता ५० च असल्याने अनुनाद होऊन थर सुटू लागण्याचा धोका आहे.

सुधारित सिद्धान्त
मिंडलिन यांनी १९५१ मध्ये कर्तनाचा समावेश केला. परंतु जाडीभर ते एकसारखे मानल्याने सुधार-गुणकाची गरज उरली. प्रत्यक्षात वरच्या व खालच्या मोकळ्या पृष्ठांवर कर्तन-प्रतिबल शून्य असते. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे तरुण कांत यांनी १९८० च्या दशकापासून उच्चतर कोटीचे सिद्धान्त विकसित केले. तेथेच आर. पी. शिंपी व वाय. एम. घुगल यांनी २००१ मध्ये द्विस्तरीय तुळईसाठी त्रिकोणमितीय फलनावर आधारित थरनिहाय सिद्धान्त मांडला. त्यात सुधार-गुणक लागत नाही. घुगल यांनी पुढे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) व कऱ्हाड येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत अध्यापन करीत हे संशोधन चालू ठेवले.

समारोप
संगणकीय प्रणाली प्रत्येक प्रश्नास उत्तर देते. मात्र त्यामागील गृहीतक आपल्या फलकास लागू पडते की नाही, हे ती सांगतेच असे नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम फलकाची बाजू व जाडी यांचे गुणोत्तर तपासावे, नंतर सिद्धान्त निवडावा आणि शेवटी कंप्रता काढावी. हा क्रम त्याच्या अंगवळणी पाडणे, ही अध्यापकाची जबाबदारी आहे.