पंखा भंगारातला, हिशेब अँपिअरचा

दिल्लीतलं आर. के. पुरम म्हणजे रिंग रोड आणि आउटर रिंग रोड यांच्यामध्ये वसलेली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. कोणत्याही सेक्टरमधून निघालं तरी मोतीबागच्या नाहीतर मुनीरकाच्या बाजूच्या रांगेत उभं राहणं ठरलेलं. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंश तापमान नोंदलं गेलं. अशा दुपारी सिग्नलला थांबलेल्या अ‍ॅम्बेसेडरचा किंवा प्रीमियर पद्मिनीचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागतो, आणि कुठल्याही गॅरेजमध्ये मिळणारा सल्ला एकच असतो: भंगारातून मारुतीचा पंखा आणा आणि बसवून टाका. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. विजेचा पंखा लावला की इंजिनच्या पट्ट्यावरचं ओझं बॅटरीवर आणि डायनामोवर येतं. जुन्या गाडीचा डायनामो नेमका त्याच वेळी दुबळा असतो ज्या वेळी तिचा मूळ पंखा दुबळा असतो. म्हणून हे काम पाना-पक्कडीने नाही, अँपिअरच्या हिशेबाने सुरू करायला हवं.

मूळ पंखा कमी का पडतो ते आधी पाहू. अ‍ॅम्बेसेडर काय, कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट काय, दोन्हींत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्यामुळे वॉटर पंपाच्या पुलीवरच पाती स्क्रूने आवळली की काम झालं. सोपी आणि टिकाऊ रचना. पण पंख्याचा वेग इंजिनच्या वेगाला बांधलेला. पाती किती हवा ओढतात ते साधारण फेऱ्यांच्या प्रमाणात असतं. त्यांना लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असताना जेवढी हवा मिळते, त्याच्या पाचपट ४००० फेऱ्यांवर मिळते, आणि तिथे पंखा सव्वाशेपट शक्ती खातो. त्या वेगाला गाडी पळत असते, समोरून वारा आपोआप येतो, म्हणजे पंख्याची गरजच नसते. गरज असते ती उभ्या गाडीत, आणि तिथे पाती आळसावलेली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा तिचं इंजिन आडवं होतं, त्याच्या पुलीचं तोंड बाजूला. रेडिएटरमागे पट्ट्यावरचा पंखा सरळ बसणारच नव्हता; विजेचा पंखा ही रचनेचीच गरज होती. फायदा असा झाला की इंजिन कितीही हळू फिरो, हा पंखा आपल्या पूर्ण वेगाने फिरतो. भंगारबाजारात त्याला मागणी आहे ती यामुळे.

आता जमाखर्च. छोट्या गाडीचा पंखा चालू असताना साधारण ७ ते १० अँपिअर घेतो, मोठ्या गाडीचा १५ ते २०, आणि सुरू होण्याच्या क्षणी याच्या कित्येक पट. ल्यूकस वळणाचे त्या काळचे सी-४० जातीचे डायनामो इंजिन जोरात असताना जेमतेम २२ अँपिअर द्यायचे. आयडलिंगला जवळजवळ काहीच नाही. दिवसा वीस मिनिटांच्या कोंडीत १० अँपिअरचा पंखा बॅटरीतून सव्वातीन अँपिअर-तासांच्या आसपास उचलेल. ४० अँपिअर-तासांच्या धडधाकट बॅटरीला हे झेपतं. पुढे रस्ता मोकळा मिळाला की डायनामो ते भरून काढतो. रात्रीचं गणित वेगळं. पंख्याचे १०, हेडलाइटचे १०, इग्निशनचे ३-४ मिळून २३-२४ झाले. अर्ध्या तासात १२ अँपिअर-तास गेले, म्हणजे बॅटरीचा जवळजवळ तिसरा हिस्सा. ती दोन-तीन वर्षं जुनी असेल तर स्टार्टर नुसता टकटक करणार. पुढे मोकळ्या रस्त्यावरही पंखा आणि दिवे चालूच राहिले, तर डायनामोची कमाई खर्चालाच पुरत नाही, उधारी फिटणार कशातून? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडीत डायनामो असेल तर मूळ पाती काढू नका. विजेचा पंखा कोंडीपुरता मदतनीस म्हणून रेडिएटरच्या पुढे लावा. पाती काढायचीच असतील तर आधी ऑल्टरनेटर बसवा. साधा ३५ अँपिअरचा ऑल्टरनेटरही आयडलिंगला डायनामोपेक्षा कितीतरी जास्त देतो.

यावर पहिला आक्षेप असा की एवढा खटाटोप कशाला, पाती काढल्याने पेट्रोल वाचतं आणि इंजिन हलकं होतं, तेच पुरे. हलकं होतं हे खरं, वरचा घनाचा नियमच ते सांगतो. पण शहरातल्या कोंडीत इंजिन मुळात हळू फिरत असतं, आणि तिथली बचत नगण्य. बचतीसाठी हे काम करू नये. गाडी तापू नये यासाठी करावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कारखान्यातून आली तेव्हा हीच गाडी याच पात्यांवर उन्हाळे काढत होती, मग दोष पंख्याचा कसा? हा प्रश्न प्रत्येक मालकाने स्वतःला विचारायलाच हवा. गाडी ६० च्या वेगाने मोकळ्या रस्त्यावर जातानाही तापत असेल, तर पंखा निर्दोष आहे. रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेत, थर्मोस्टॅट अडकलाय, पट्टा ढिला आहे किंवा इग्निशनचं टायमिंग मागे गेलंय. वर्षानुवर्षं बोअरचं कडक पाणी ओतलेला रेडिएटर बाहेरून चकाचक दिसतो आणि आतून अर्धा बुजलेला असतो. झाकण हीसुद्धा दुर्लक्षित वस्तू. सात पौंडांचं झाकण नीट दाब धरत असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांला उकळतं. रबर वाळलं की हे अकरा अंश हातचे गेले. गाडी चालताना थंड आणि उभी राहिली की तापते, अशी तक्रार असेल तरच हा पंख्याचा आजार. रस्ते मात्र तेव्हाचे राहिले नाहीत. ज्या गाड्या दोन मिनिटं थांबण्याच्या हिशेबाने आखल्या गेल्या, त्या आता पंधरा-पंधरा मिनिटं उभ्या असतात.

भंगारातला पंखा निवडताना भावापेक्षा त्याची हालत पाहावी. दिल्लीच्या मायापुरीत असो की पुण्याच्या जुन्या बाजारात, दुकानदार दोन तारा बॅटरीला टेकवून फिरवून दाखवतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. तेवढं पुरेसं नाही. शाफ्ट बोटाने वर-खाली हलवून बघा, खेळ असेल तर बुश गेलेत. पाच मिनिटं सलग चालवून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर तारेभोवती लावा; आकडा स्थिरावण्याऐवजी चढत गेला किंवा जळका वास आला तर तो पंखा तिथेच ठेवा. मिळालेला आकडा खडूने मोटरवर लिहून घ्या, कारण पुढचं सगळं काम त्या आकड्यावर उभं राहणार आहे. मग दिशा. या मोटरी कायम-चुंबकाच्या असतात; तारांची अदलाबदल केली की पंखा उलटा फिरतो, हवाही उलटी वाहते. पण पात्यांचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असल्याने उलट्या फिरणाऱ्या पंख्याचा जोर बराच कमी होतो. मागून ओढणारा पंखा पुढे लावायचा असेल तर हे ध्यानात घ्यावं, आणि शक्यतो पुढून ढकलण्यासाठी घडवलेलाच शोधावा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थ केलेलं असे, तिथे तर तारा उलट जोडण्याची चूक सहज होते. बसवून झाल्यावर वर्तमानपत्राचा चिटोरा पुढच्या जाळीशी धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे. फडफडत बाहेर आला तर हवा उलटी वाहते आहे.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं फेकून फक्त मोटर आणि पाती आणणं ही नेहमीची काटकसर, आणि तीच महागात पडते. ओढणाऱ्या पंख्याला कडं नसेल तर तो फक्त आपल्या घेराएवढ्याच गाभ्यातून हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे कोरडेच राहतात. तसंच, रेडिएटरच्या पापुद्र्यांतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा लटकवू नका. इंजिनच्या थरथरीने त्या नळ्यांवर घासतात आणि वर्षभरात गळती हजर. दोन लोखंडी पट्ट्या कापून त्या रेडिएटरच्या मूळ बोल्टवरच आवळाव्यात.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी वाटाघाटीला नाहीत: रिले, फ्यूज आणि जाड तार. “एक स्विच लावून डायरेक्ट करून टाका” असं सांगणारे भेटतात, आणि त्यांची गाडी चालतेही. पण डॅशबोर्डवरचा जुना स्विच दिव्यांसाठी बनलेला असतो. पंख्याचा सुरुवातीचा झटका त्याचे संपर्कबिंदू हळूहळू जाळतो. शिवाय माणूस विसरतो. रिलेच्या ८५ आणि ८६ क्रमांकाच्या पिनांमधून जेमतेम पाव अँपिअर जातो, तेवढ्यावर ३० आणि ८७ मधला मोठा प्रवाह उघड-बंद होतो. हा छोटा प्रवाह इग्निशनमधून घ्यावा आणि रेडिएटरच्या थर्मोस्विचमधून अर्थला न्यावा. अनेक थर्मोस्विचच्या पितळी अंगावर ९२-८७ असे दोन आकडे कोरलेले असतात: पहिल्याला पंखा सुरू, दुसऱ्याला बंद. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण तो मोटर वाचवण्यासाठी नसून तार वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या अलीकडची तार बॉडीला घासली तर तिला वाचवणारं काहीच नाही. तारेचं गणित घरच्या घरी होतं. जाण्या-येण्याची मिळून चार मीटर तांब्याची तार आणि १५ अँपिअर प्रवाह धरा. तार एक चौरस एमएमची असेल तर वाटेतच सुमारे एक व्होल्ट गळतो, चारची असेल तर पाव व्होल्ट. बारामधला एक व्होल्ट गेला की पंखा मंदावतो आणि तार तापते. अर्थचा बोल्ट रंग खरवडून उघड्या पत्र्यावर आवळावा. गंजक्या पत्र्यावर चारची तारही फुकट जाते.

राहिला जुनेपणाचा आणि कायद्याचा प्रश्न. मूळ रूप बिघडतं असं जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. म्हणून पत्रा कापू नये, छिद्र पाडू नये, मूळ वायरिंगला जोड देऊ नये; पंख्याची तार बॅटरीपासून स्वतंत्र न्यावी, म्हणजे तासाभरात सगळं उतरवता येतं. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०१८ रोजी कायम ठेवली आणि त्यानंतरही त्यात आदेश येत राहिले, त्यामुळे तिथे गाडी बाहेर काढण्याआधी परिवहन विभागाकडे तिची आजची स्थिती तपासावीच. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाने व्हिंटेज म्हणून नोंद होऊ शकते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर तपासणी, पुनर्नोंदणी आणि हरित कर भरून जुनी गाडी चालवता येते. दोन्हीकडच्या मालकांना एक विनंती आहे: काढलेली मूळ पाती आणि त्यांचे स्क्रू भंगारात देऊ नका; तेलाचा हात फिरवून कापडात गुंडाळून ठेवा.