बैलगाडा शर्यत : घाट, घड्याळ आणि कायदा

प्रस्तावना :
ग्रामदैवताची यात्रा व बैलगाडा शर्यत यांचे नाते पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात व त्यास लागून असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील पारनेर परिसरात जुने आहे. तिचे स्वरूप व कायदेशीर वाटचाल यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्वरूप :
या भागातील धावपट्टीस ‘घाट’ म्हणतात. ती आखूड, सरळ व चढाची असते. चढामुळे अखेरीस बैलांचा वेग मंदावतो. गाडे एकाच वेळी धावत नाहीत. प्रत्येकाची स्वतंत्र ‘बारी’ असते. हलक्या गाड्यास बैलांच्या दोन जोड्या जुंपतात, पुढे घोडेस्वार धावतो, गाड्यावर मात्र हाकणारा नसतो. निकाल सेकंदांवर लागतो व सर्वांत वेगवान गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. सातारा-सांगलीकडे याउलट सपाट मैदानावर अनेक गाड्या एकाच वेळी पळतात व त्यांवर हाकणारा असतो.

कायदेशीर वाटचाल :
11 जुलै 2011 च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रदर्शन व खेळांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बैलाची शरीररचना शर्यतीस योग्य नाही असे मानून, बंदी कायम केली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमात दुरुस्ती केली. तीनुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असून, बैलास वेदना दिल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तथापि उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे शर्यती 16 डिसेंबर 2021 पर्यंत थांबल्या. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

विवेचन :
परंपरा हा या निर्णयाचा एकमेव आधार नव्हे. एखादी प्रथा संस्कृतीचा भाग आहे काय, हे विधिमंडळाने ठरवावे, असे घटनापीठाने म्हटले. वैधतेचा आधार होता तो क्लेश कमी करणारी नियमावली. म्हणून चाबूक, टोकदार खिळा किंवा विजेचा धक्का यांचा वापर हा केवळ एका गाडामालकाचा अपराध राहत नाही. ज्या पायावर शर्यत उभी आहे तोच त्याने खचतो.

समारोप :
ट्रॅक्टरमुळे नांगरटीतील बैलाचे स्थान आक्रसले आहे. खिल्लार बैल सांभाळण्यास शर्यत हे एक कारण उरले, हा समर्थकांचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु ज्या बैलासाठी तो केला जातो, त्याच्या पाठीवर वळ उमटत असतील तर तो युक्तिवाद टिकणार नाही.