भिंत रंगवली, पण हवेचं काय?

इन्स्टाग्राम उघडा आणि मुंबईतलं स्ट्रीट आर्ट शोधा. वांद्र्याच्या गल्लीबोळांतले फिल्मी चेहरे येतील, चर्चगेट स्टेशनच्या इमारतीवरचे गांधीजी येतील, ससून डॉक येईल. घाटकोपरजवळच्या असल्फ्याची रंगीबेरंगी टेकडी तर येणारच. आता माहुल शोधा. बहुतेक फ्लेमिंगो येतील, नाहीतर धुराडी. रंगवलेली भिंत सापडली तर नशीब.

या वेळी तुम्हाला माहुललाच न्यायचं आहे. पण आधी असल्फ्याला उतरू, कारण तिथे एक प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर माहुलमध्ये शोधावं लागतं.

मेट्रोतून दिसणारी टेकडी

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. पुढची तीन-साडेतीन वर्षं लाखो लोक असल्फ्याच्या टेकडीवरून नजर फिरवत गेले. पत्रे, निळी ताडपत्री, एकावर एक चढलेली घरं. बघण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही. डिसेंबर २०१७ मध्ये देदीप्या रेड्डी आणि त्यांचा ‘चल रंग दे’ हा ग्रुप रंगाचे डबे घेऊन तिथे पोहोचला. कॉलेजची मुलं, नोकरदार, वस्तीतलेच लोक, सगळे कामाला लागले. पिवळ्या, गुलाबी, निळ्या भिंती आणि अधूनमधून मोठी चित्रं. थोड्याच दिवसांत या टेकडीची तुलना इटलीतल्या समुद्रकाठच्या गावांशी होऊ लागली.

हे काही जगावेगळं नव्हतं. ब्राझीलमधल्या रिओच्या सांता मार्ता वस्तीत हास आणि हान या दोन डच कलाकारांनी २०१० मध्ये स्थानिक तरुणांना सोबत घेऊन ३४ घरं रंगवली होती. तिथेही तोच वाद झाला, जो इथे झाला. एक बाजू म्हणते, रंगामुळे लोक वस्तीकडे बघायला लागले आणि ‘मी असल्फ्याला राहतो’ हे सांगताना मान खाली जात नाही. दुसरी बाजू विचारते, की गाडीतून दिसणारी भिंत रंगली, पण आतल्या ओलीचं आणि नळाच्या पाण्याचं काय?

खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर आहे. मान ताठ होणं ही छोटी गोष्ट नाही. पण भिंतीला दोन बाजू असतात आणि आपण फोटो काढतो तो एकाच बाजूचा.

माहुलची गंमत आणि माहुलचा वास

आता चेंबूरला या. इथून वडाळ्याकडे जाणाऱ्या मोनोरेलची स्टेशनं वाचली तरी माहुलची अर्धी ओळख होते : फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम. शहरात स्टेशनला देवाचं, गावाचं, नेत्याचं नाव असतं. इथे खताचं आणि तेलाचं!

माहुल मुळात कोळ्यांचं गाव. जुन्या तुर्भे बेटावरचं, खाडीकाठचं. चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी यांवर जगणारं. नारळी पौर्णिमेला होड्या सजवायच्या, नारळ सोडायचा आणि मगच दर्यात उतरायचं, ही कोळ्यांची रीत. आजकाल आपण ज्याला पब्लिक आर्ट म्हणतो, ते कोळी लोक पिढ्यान् पिढ्या करत आलेत. होडी रंगवायची, तिच्यावर नाव घालायचं, देवाचं नाहीतर लेकीचं. ना क्युरेटर, ना स्पॉन्सर.

मग १९५४ आणि १९५५ मध्ये लागोपाठ दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले. आज त्यांची नावं एचपीसीएल आणि बीपीसीएल. पाठोपाठ खताचा कारखाना आला, रसायनांच्या टाक्या आल्या. गाव तिथेच राहिलं, भोवतालची हवा बदलली. केईएम रुग्णालयाच्या २०१३ च्या पाहणीत माहुल-आंबापाडा परिसरातल्या सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यात तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत असल्याचं सांगितलं. गावकरी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने मान्य केलं, की इथल्या हवेचा आरोग्याला धोका आहे.

आणि तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर हजारो कुटुंबांना पाठवलं कुठे? माहुललाच. सात मजली ७२ इमारती, पक्क्या भिंती, प्रत्येकाच्या नावाची खोली. मुंबईत पक्की भिंत मिळणं म्हणजे लॉटरीच की! पण लोकांनी ती नाकारली. ऑक्टोबर २०१८ मध्ये अनेक जण विद्याविहारला जलवाहिनीजवळच्या फुटपाथवर आंदोलनाला बसले. घर सोडून फुटपाथ! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये न्यायालयाने या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी महिना १५ हजार रुपये भाडं देण्याचा आदेश दिला.

असल्फ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. चांगल्या भिंतीमुळे घर होत नाही. दार उघडल्यावर आत येणारी हवाही लागते.

मग चित्रं काढूच नयेत?

काढावीत की. फक्त कशाचं चित्र काढायचं, ते त्या जागेला विचारावं. २०१७ च्या शेवटी ससून डॉकमध्ये स्टार्ट इंडियाने जो कला महोत्सव भरवला, त्यात डॉकवर काम करणाऱ्या माणसांचेच मोठमोठे चेहरे भिंतींवर लागले होते. हनीफ कुरेशी या कलाकाराने तर माशांच्या वासालाच आपला विषय केलं होतं. आपण नाकाला रुमाल लावतो, तो वास कुणाच्या तरी रोजीरोटीचा असतो. माहुलमध्ये मात्र दोन वास आहेत, सुकटीचा आणि रसायनांचा. पहिला गावाचा, दुसरा गावावर लादलेला. उद्या कुणी तिथली भिंत रंगवलीच, तर हा फरक त्या चित्रात दिसायला हवा.

माहुलचं सगळ्यात मोठं चित्र आधीच खाडीत काढलेलं असतं म्हणा. थंडी सुरू झाली की शिवडी-माहुलच्या चिखलात हजारो फ्लेमिंगो उतरतात. मराठीत त्यांना सुंदर नाव आहे, रोहित. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. चिखलातलं शेवाळ आणि बारीक जीव खाऊन त्याला हळूहळू गुलाबी रंग चढतो. वरून कुणी ब्रश फिरवत नाही, जे खातो त्यातून रंग येतो.

जाणार असाल तर...

एखाद्या रविवारी ग्रुप करून निघा. सकाळी असल्फा, दुपारी चेंबूर, तिथून माहुल गाव. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा, पक्षी त्याप्रमाणेच दिसतात. कारखान्यांच्या गेटवर कॅमेरा काढू नका. कुणाच्या दारासमोर पोझ देण्याआधी ‘मावशी, फोटो काढू का?’ एवढं विचारा. आणि उत्साहात स्वतःच स्प्रे कॅन घेऊन जाऊ नका. विनापरवानगी भिंत रंगवण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ पासून कायदा आहे. घरमालकाची आणि पालिकेची परवानगी घ्या. ती मिळवायच्या निमित्ताने लोकांशी बोलणं होईल, तोच खरा फायदा.

फोटो काढाच, रीलही करा. पण कॅप्शन टाकण्याआधी तिथल्या कुणाला तरी एकदा विचारा, ‘काका, इथली हवा कशी आहे?’ त्यांचं जे उत्तर येईल, तेच कॅप्शन.