पुढे आलेला अंगठा

सकाळी ८.३०
मधुमेहावरच्या एका नव्या गोळीची ट्रायल आमच्या रुग्णालयात चालू आहे, मी तिची समन्वयक. ओपीडीची गर्दी सुरू होण्याआधी कपाट उघडते. फायलींवर नावं नाहीत, फक्त क्रमांक. नावांची यादी वेगळ्या कुलपात.

९.३०
साठीचे एक बाबा येतात. लिहिता-वाचता येत नाही. बसता बसताच अंगठा पुढे करतात. "डॉक्टर देवमाणूस आहेत. सांगा कुठं लावू." मी शाईचा पॅड बाजूला सरकवते. विश्वासानं पुढे आलेला अंगठा थांबवणं, हेच माझं पहिलं काम.

नियमाप्रमाणे ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. शेजारच्या वॉर्डात भावासोबत आलेले एक शिक्षक येऊन बसतात. "बाबा, नेहमीची औषधं चालूच राहतील. जोडीला एक गोळी. ती नव्या औषधाची असेल किंवा औषध नसलेली. कुणाला कोणती, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. डॉक्टरांनाही माहीत नसतं." मग विचारते, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" त्यांना वाटत होतं, नाही म्हटलं तर उपचार बंद होतील. पुन्हा पहिल्यापासून सांगते. शेवटी म्हणतात, "घरी विचारून येतो."

११.३०
रक्तदाबाचा आकडा चुकला. इथं व्हाइटनर चालत नाही. जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख.

दुपारी १.००
फोन. एक सहभागी सकाळी मोरीत घसरून पडले, दवाखान्यात दाखल आहेत. "यात गोळीचा काय संबंध?" मुलगा विचारतो. ते तपासात ठरेल. पण दाखल व्हावं लागलं, म्हणजे २४ तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि नीतिमत्ता समिती, तिघांना कळवायचं. डॉक्टरांना जेवणावरून उठवते.

३.००
नीतिमत्ता समितीची बैठक. किमान ७ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचे. पुढच्या अभ्यासाचं आमचं संमतीपत्र परत येतं. सामान्य नागरिक म्हणून समितीवर असलेल्या बाईंनी विचारलं, "'यादृच्छिक' म्हणजे काय?" योग्यच विचारलं. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ अशी ४० वर्षं सिफिलिसच्या कृष्णवर्णीय रुग्णांना 'रक्त खराब आहे' एवढंच सांगून उपचारांविना ठेवलं होतं. न कळणाऱ्या शब्दाआड असंही घडतं.

५.१५
बाबा सुनेला घेऊन परत येतात. "नको वाटतं, ताई." नोंदवहीत लिहिते : नकार. कारण विचारत नाही. त्यांच्या केस पेपरवर पुढच्या सोमवारची तारीख आहे. त्या दिवशी तेच डॉक्टर त्यांना तपासतील आणि नेहमीची औषधं देतील.